शाळा पारखण्याचा तराजू

दिवाळी सरली की मुंबई-पुण्याच्या मध्यमवर्गीय घरांमध्ये एक वेगळाच हंगाम सुरू होतो. तीन-साडेतीन वर्षांच्या मुलांच्या शाळाप्रवेशाचा हा हंगाम. कोणत्या शाळेचे अर्ज कधी निघणार, बोर्ड कोणते, शुल्क किती, बस दारापर्यंत येते की नाही, याची चर्चा लोकलच्या डब्यापासून लग्नाच्या पंगतीपर्यंत सर्वत्र चालते. या चर्चेत एक प्रश्न हमखास, पण जरा आवाज खाली आणून विचारला जातो : "तिथला क्राउड कसा आहे?"

हा एक शब्द फार सोयीचा आहे. त्यात जात उच्चारावी लागत नाही, उत्पन्न विचारावे लागत नाही, भाषेचा उल्लेख करावा लागत नाही. आणि तरीही विचारणाऱ्याला जे हवे ते उत्तर मिळते. रिक्षावाल्याचा मुलगा, धुण्याभांड्याला येणाऱ्या बाईची मुलगी, बांधकामावरच्या मजुराची पोरे शेजारच्या बाकावर असतील काय, एवढाच त्याचा अर्थ असतो. नसतील, तर शाळा चांगली. असतील, तर 'बघू, दुसरीकडेही अर्ज भरून ठेवू'. शिक्षिका कशा शिकवतात, मुले वाचतात काय, प्रश्न विचारतात काय, हे विषय त्यानंतर येतात, आणि कित्येकदा येतच नाहीत. शाळेची गुणवत्ता तिने कोणाला बाहेर ठेवले यावरून ठरवण्याची ही रीत सुशिक्षित समाजात इतकी रुळली आहे की तिच्यात काही वावगे आहे, हेही कोणाला जाणवेनासे झाले आहे.

या तराजूत सर्वांत हलकी ठरते ती महापालिकेची शाळा. मुंबई महापालिका मराठी, हिंदी, उर्दू, गुजराती, कन्नड, तमिळ, तेलुगू आणि इंग्रजी अशा आठ माध्यमांतून प्राथमिक शिक्षण देते. एका शहराच्या नागरी संस्थेने एवढ्या भाषांमधून बालकांना शिकवण्याचा पसारा मांडावा, ही लहान गोष्ट नाही. आज साठी-सत्तरीत असलेल्या कित्येक प्रतिष्ठित मुंबईकरांनी अक्षरे गिरवली ती याच शाळांमध्ये. त्या काळी गिरणी कामगाराचा मुलगा आणि कारकुनाचा मुलगा एका बाकावर बसत असे, आणि त्यात कोणाला शौर्य वाटत नसे. पुढे कारकुनाचा मुलगा अधिकारी झाला आणि त्याने आपल्या मुलाला दुसरीकडे घातले. एकेक घर उठत गेले. आज महापालिकेच्या शाळेत मागे राहिले आहेत ते प्रायः ज्यांना दुसरा पर्याय नाही, त्यांचे पाल्य. मग त्यांच्याच गुणांकडे बोट दाखवून 'दर्जा घसरला' असे म्हटले जाते.

हे पाल्य आहेत तरी कोण? 'मराठी माध्यम' या शब्दाने एकजिनसी वर्गाचे चित्र उभे राहते. प्रत्यक्षात महानगरातील मराठी माध्यमाच्या पहिलीच्या वर्गात डोकावले, तर तिथे अर्धा देश बसलेला दिसू शकतो. खानदेशातून आलेल्या कुटुंबातील मुलगी घरी अहिराणी बोलते. तांड्यावरून आलेल्या बंजारा कुटुंबातील मुलाची बोली गोरमाटी. वडार समाजातील मुलाच्या घरची बोली तेलुगूच्या जवळची. मालवणी आणि वऱ्हाडी तर आहेतच. शिवाय जवळ हिंदी शाळा नाही किंवा 'इथेच राहायचे तर मराठी यायला हवी' असा शहाणा विचार बापाने केला म्हणून आलेली उत्तर प्रदेश-बिहारकडची मुलेही आहेत. पाठ्यपुस्तकातील मराठी या सर्वांना कमीअधिक प्रमाणात परकीच असते. ती ज्याच्या घरात बोलली जाते, त्याचे अर्धे काम शाळेत पाऊल टाकण्यापूर्वीच झालेले असते.

भोजपुरी बोलणाऱ्या घरातील एक मुलगी "मी जातो" असे म्हणते, तेव्हा वर्ग हसतो. तिच्या बोलीत क्रियापदाचे लिंग आपल्यासारखे पदोपदी बदलत नाही. प्रमाण हिंदी बोलतानाही बिहारकडील मंडळींची याच जागी गफलत होते. म्हणजे ती मुलगी मठ्ठ नाही, निष्काळजीही नाही. एका व्याकरणाचे नियम दुसऱ्या व्याकरणात नेण्याचे जे काम कोणतेही बुद्धिमान मूल करील, तेच ती करीत आहे. हे ज्या शिक्षिकेला कळते ती हसणाऱ्या वर्गाला थांबवते, "तुझ्या घरी कसे म्हणतात ते सांग बरे" असे विचारते, आणि पाच मिनिटांत सर्व वर्ग दोन भाषांमधील फरक शिकून जातो. जिला ते कळत नाही ती लाल शाईने गोल काढते. दोन्ही वर्ग एकाच इमारतीत, एकाच वेतनश्रेणीवर चालू शकतात. शाळेची प्रत या दोन वर्गांमधील अंतरात आहे, आणि ती कोणत्याही माहितीपत्रकात छापून येत नाही. २०२५ च्या एप्रिलपासून जूनअखेरपर्यंत, शासनाने संबंधित निर्णय मागे घेईतो, पहिलीपासून तिसरी भाषा असावी की नसावी यावर महाराष्ट्रात मोठे रण माजले. मुले घरून कोणती भाषा घेऊन येतात, हा प्रश्न त्या रणधुमाळीत क्वचितच कोणी विचारला.

मग शाळा मोजायची कशाने? सर्वांत सोपे उत्तर गुण. शिष्यवृत्ती परीक्षेच्या यादीत कोणत्या शाळेची किती मुले, याचे फलक प्रवेशद्वारावर झळकतात. परंतु गुणांचा आकडा शाळेविषयी जितके सांगतो, त्याहून कितीतरी अधिक घराविषयी सांगतो. अमेरिकेत १९६४ च्या नागरी हक्क कायद्यानंतर जेम्स कोलमन या समाजशास्त्रज्ञाच्या नेतृत्वाखाली काही लाख विद्यार्थ्यांची पाहणी झाली. तिचा अहवाल १९६६ साली प्रसिद्ध झाला. शाळांच्या इमारती, प्रयोगशाळा, ग्रंथालये यांतील फरकांनी मुलांच्या यशातील फरक उलगडतील अशी सर्वांची अपेक्षा होती. आढळले ते असे की, घरची परिस्थिती आणि बरोबरीच्या मुलांची पार्श्वभूमी यांचा वाटा या साधनांहून मोठा आहे. त्या अहवालावर पुढे पुष्कळ वाद झाले, ते आजही चालू आहेत. मात्र घराचा वाटा वजा केल्याखेरीज शाळेचे श्रेय ठरवू नये, हा धडा त्यानंतर कोणी नाकारलेला नाही.

भारतातील एक प्रयोग या दृष्टीने फार बोलका आहे. आंध्र प्रदेशच्या ग्रामीण भागात २००८ पासून कार्तिक मुरलीधरन आणि व्यंकटेश सुंदररामन या अर्थतज्ज्ञांनी गरीब कुटुंबांमधून सोडत काढून काही मुलांना खासगी शाळेत शिकण्याचा खर्च दिला. सोडत असल्यामुळे 'हुशार घरची मुलेच तिकडे गेली' असे म्हणण्यास जागा उरली नाही. काही वर्षांनंतर तपासले तेव्हा तेलुगू आणि गणित या विषयांत खासगी शाळेत गेलेली मुले आणि सरकारी शाळेत राहिलेली मुले यांच्यात म्हणण्यासारखा फरक आढळला नाही. खासगी शाळांत हिंदीचे अध्यापन होते, त्यामुळे त्या विषयात तिकडची मुले पुढे होती, आणि खासगी शाळांचा दरडोई खर्च सरकारी शाळेच्या सुमारे एक तृतीयांश होता. हेही लपवण्याचे कारण नाही. सरकारी यंत्रणेने त्यावरून अंतर्मुख व्हायला हवे. परंतु दोन प्रकारच्या शाळांमधील जो गुणांचा फरक पालकांना एरवी दिसतो, तो मुख्यतः घरातून आलेला असतो, एवढे यावरून स्पष्ट झाले. प्रयोग खेड्यातील आहे. शहरात, जेथे शुल्काची चाळणी अधिक बारीक आहे, तेथे ही सावधगिरी अधिकच बाळगायला हवी. शिक्षणहक्क कायद्याच्या कलम १३ ने प्रवेशासाठी मुलांच्या व पालकांच्या मुलाखती घेण्यास बंदी केली. लाखाच्या घरातील शुल्क मात्र तेच काम अधिक शिस्तीने आणि विनातक्रार करते.

म्हणून शाळेला विचारायचा खरा प्रश्न असा की, मूल जूनमध्ये कोठे होते आणि एप्रिलमध्ये कोठे पोहोचले? घरात वर्तमानपत्र येते, आजी गोष्टी सांगते, आई अभ्यास घेते, अशा घरातील मूल चौथीत उत्तम वाचते, यात शाळेचे कर्तृत्व किती? आणि ज्याच्या घरात छापील कागद फक्त किराण्याच्या पुडीला येतो, ते मूल एका वर्षात अक्षरांवरून परिच्छेदावर आले, यात शाळेचे कर्तृत्व किती? पहिल्याचे गुण नव्वद आणि दुसऱ्याचे पंचावन्न असतील. प्रवास कोणाचा लांबचा झाला, हे गुणपत्रिका सांगत नाही.

हा प्रवास मोजणे अवघडही नाही. १९९० च्या दशकात मुंबईच्याच वस्त्यांमधून काम सुरू केलेल्या 'प्रथम' या संस्थेने २००५ पासून 'असर' या नावाने जी पाहणी चालवली, तिचे साधन एका कागदावर मावते. अक्षरे, शब्द, पहिलीच्या पातळीचा छोटा परिच्छेद, दुसरीच्या पातळीची गोष्ट. आणि गणितात अंकओळख, हातच्याची वजाबाकी, भागाकार. एका मुलामागे काही मिनिटे पुरतात. पाचवीतील निम्म्याच्या आसपास मुलांना दुसरीचा मजकूर सलग वाचता येत नाही, हे कटू वास्तव देशासमोर आले ते या कागदामुळे. ही पाहणी प्रामुख्याने ग्रामीण भागात होते, त्यामुळे शहरे आपल्या भ्रमात राहायला मोकळी आहेत. एखाद्या नगरसेवकाने, एखाद्या मुख्याध्यापकाने मनावर घेतले तर हाच कागद शहरातील प्रत्येक वर्गात जून आणि एप्रिल असा दोनदा फिरवता येईल. त्यासाठी निविदा काढावी लागत नाही, ही कदाचित त्याची अडचण असावी.

शासनाने मूल्यमापनाची व्यवस्था केलेलीच नाही, असे म्हणता येणार नाही. २०१५ पासून 'शाळासिद्धी' हा राष्ट्रीय कार्यक्रम आहे. त्यात सात क्षेत्रांमध्ये शाळेने स्वतःचे मूल्यमापन करायचे असते. अध्ययन-अध्यापन, नेतृत्व, समावेशन, समाजाचा सहभाग असे सर्व त्यात आहे आणि कल्पना म्हणून ती उत्तम आहे. परंतु स्वतःची उत्तरपत्रिका स्वतः तपासायची आणि वरिष्ठांना पाठवायची, म्हटल्यावर काय होते हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. ज्या शिक्षकावर मतदार यादी, जनगणना आणि अनेक नोंदवह्या यांचा भार आहे, त्याच्या दृष्टीने हा आणखी एक तक्ता ठरतो. महापालिका विद्यार्थ्यांना गणवेश, दप्तर, बूट, छत्री अशा २७ वस्तू मोफत देते; त्या वेळेवर मिळाल्या की नाही यावर दरवर्षी सभागृहात वादळ उठते, आणि ते उठायलाच हवे. मात्र तिसरीतील किती मुलांना वाचता येते, यावरून सभागृह बंद पडल्याचे कोणाच्या ऐकिवात नाही.

आणखी एक दोष नजरेआड करता येत नाही. मुंबईच्या कित्येक शालेय इमारतींमध्ये तळमजल्यावर मराठी, पहिल्या मजल्यावर हिंदी, वर उर्दू किंवा तमिळ अशा स्वतंत्र शाळा भरतात. मुख्याध्यापक वेगळे, कधी सत्रे वेगळी. वैविध्य इमारतीत आहे, वर्गात नाही. जिन्यावर खांद्याला खांदा लागतो, ओळख होत नाही. मातृभाषेतून शिक्षण हा सिद्धान्त बरोबरच आहे आणि २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने तो किमान पाचवीपर्यंत शक्य तेथे स्वीकारला आहे. पण खेळाचा तास, गायन, हस्तकला, परिसर सहल, राष्ट्रीय दिनाचे संचलन, हे सर्व चारही शाळांनी एकत्र करण्यास कोणत्या माध्यमाची आडकाठी आहे? महाराष्ट्र शासनाने २०२० साली सर्व शाळांमध्ये मराठी अनिवार्य करणारा कायदा केला. तळमजल्यावरच्या मुलांशी खेळायला मिळाले, तर वरच्या मजल्यावरची मुले त्या कायद्याहून लवकर मराठी शिकतील.

आता मध्यमवर्गाच्या मूळ भीतीकडे वळले पाहिजे. ती थट्टेवारी नेण्यासारखी नाही. आई-बाप मुलासाठी पोटाला चिमटा घेतात. त्यांच्या मनात 'आमचे मूल मागे तर पडणार नाही ना?' ही शंका येणारच. तिचे उत्तर अनुभवाने दिलेले आहे. दिल्लीत सवलतीच्या सरकारी जमिनींवर उभ्या असलेल्या खासगी शाळांना २००७ पासून गरीब घरांतील मुलांना वर्गात जागा द्याव्या लागल्या. गौतम राव या अर्थतज्ज्ञाने त्या शाळांतील सधन मुलांचा अभ्यास केला. तो २०१९ साली प्रसिद्ध झाला. गरीब मुलांबरोबर शिकलेली सधन मुले अधिक उदार आणि मदतीला तत्पर आढळली. धावण्याच्या शर्यतीसाठी सहकारी निवडताना त्यांनी गरीब मुलाला त्याच्या गरिबीमुळे डावलण्याचे प्रमाण कमी होते. गणित आणि हिंदीवर विपरीत परिणाम दिसला नाही. इंग्रजीच्या गुणांत थोडी घट दिसली. म्हणजे सौदा काय, तर इंग्रजीचे दोन-चार गुण एका पारड्यात आणि माणूस ओळखण्याची दृष्टी दुसऱ्या पारड्यात. कोलमनच्या पाहणीतही असेच काहीसे दिसले होते : सोबतच्या मुलांचा परिणाम वंचित घरातील मुलावर अधिक होतो, सुस्थितीतील मुलावर कमी. ज्याला गमवायचे थोडे आहे तो घाबरतो आहे, आणि ज्याला मिळवायचे पुष्कळ आहे तो दाराबाहेर उभा आहे.

महाराष्ट्रात हे दार बंद करण्याचा एक प्रयत्न नुकताच होऊन गेला. शिक्षणहक्क कायद्याने खासगी विनाअनुदानित शाळांत २५ टक्के जागा दुर्बल घटकांसाठी ठेवल्या आहेत. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य शासनाने नियम बदलून, एक किलोमीटरच्या आत शासकीय किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला या अटीतून मोकळीक दिली. शहरात एक किलोमीटरच्या आत अशी शाळा नसणे जवळजवळ अशक्य, हे नियम करणाऱ्यांना ठाऊक नसेल असे मानणे कठीण आहे. जुलै २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने हा बदल रद्द ठरवला. शाळाचालकांच्या तक्रारींत तथ्य होते. शासनाकडून शुल्काची प्रतिपूर्ती वर्षानुवर्षे थकते, हे खरेच आहे. परंतु थकबाकीवर उपाय थकबाकी देणे हा असतो.

एका बाकावर बसण्याचा हा प्रश्न महाराष्ट्राला नवा नाही. महात्मा फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याची मागणी केली. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये करवीर संस्थानात ते सक्तीचे व मोफत केले, आणि १९१९ मध्ये अस्पृश्यांसाठीच्या वेगळ्या शाळा बंद करून त्या मुलांना सर्वांबरोबर सरकारी शाळांत बसवण्याचा आदेश काढला. रत्नागिरीच्या स्थानबद्धतेत स्वातंत्र्यवीर सावरकरांनी शाळाशाळांतून मुलांना सरमिसळ बसवण्यासाठी घरोघरी जाऊन लोकांची समजूत घातली. त्या सर्वांना विरोध झाला तो धर्माच्या नावाने. आज धर्माचे नाव कोणी घेत नाही. समरसतेच्या व्याख्यानाला पहिल्या रांगेत बसणारे कुटुंबही मुलाची शाळा निवडताना 'क्राउड' पाहते, आणि त्याला त्यात विसंगती दिसत नाही.

याचा अर्थ महापालिकेची शाळा जशी आहे तशी डोक्यावर घ्यावी, असा मुळीच नाही. गरिबीचे कौतुक करून मुलांना वाचता येत नाही. जेथे स्वच्छतागृहाला कडी नाही, जेथे पदे रिकामी आहेत, तेथे मूल घालण्याचा उपदेश कोणी कोणाला करू नये. महापालिकेने २०२० पासून 'मुंबई पब्लिक स्कूल' या नावाने केंद्रीय मंडळाच्या शाळा सुरू केल्या, तेव्हा प्रवेशासाठी रांगा लागल्या. पालकांची पाठ शासकीय शाळेकडे नाही, दुर्लक्षित शाळेकडे आहे, एवढे त्यातून दिसले. फक्त इंग्रजी नाव आणि केंद्रीय मंडळ म्हणजे गुणवत्ता, हा समज त्याच वेळी पक्का झाला आणि मराठी माध्यमाच्या वर्गांची पटसंख्या आणखी गळाली, ही त्याची दुसरी बाजू.

शाळा पाहायला जाणाऱ्या पालकाला प्रवेशद्वार, सभागृह आणि भिंतीवरचा अंकीय फलक दाखवला जातो. त्याने शेवटच्या बाकाकडे जावे. तेथे बसलेल्या मुलाची वही उघडावी. तिच्यात फळ्यावरची नक्कल आहे की त्याचे स्वतःचे चुकलेले वाक्य आहे, ते पाहावे. चुकलेले वाक्य असेल तर त्याखाली शिक्षिकेने काय लिहिले आहे, ते वाचावे. ग्रंथालयाच्या पुस्तकांचे कोपरे दुमडलेले आहेत की कपाटाला कुलूप आहे? वर्षाच्या मध्येच बापाचे बांधकाम संपले म्हणून दुसऱ्या शहरातून आलेले मूल वर्गात कुठे बसले आहे? आठ दिवस न आलेल्या मुलीच्या घरी कोणी गेले होते काय? पोषण आहाराची ताटे मांडली जातात तेव्हा मुले कोणाशेजारी बसतात, आणि शिक्षक त्याच वेळी तेथे असतात की कार्यालयात? सुटीत भांडण झाले तर शिव्या कोणत्या प्रकारच्या दिल्या जातात, हेही कान देऊन ऐकावे. जातीवरून किंवा प्रांतावरून शिवी आली आणि शिक्षकाने ती ऐकून सोडली, तर त्या शाळेच्या निकालाचा फलक वाचण्याचे कारण नाही. हे सर्व पाहायला अर्धा दिवस लागतो. साडेतीन वर्षांच्या मुलासाठी कर्ज काढणाऱ्या पालकाला तेवढा वेळ काढता येऊ नये, असे नाही.

आणि आपले मूल त्या शाळेत घालण्याचे धैर्य होत नसेल, तरी आणखी एक वाट कायद्यानेच मोकळी ठेवली आहे. शिक्षणहक्क कायद्याच्या कलम २१ नुसार शासकीय व अनुदानित शाळांमध्ये शाळा व्यवस्थापन समिती असते. तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक, एकूण निम्म्या महिला; उरलेल्या जागांत शिक्षक आणि स्थानिक प्रतिनिधींबरोबर परिसरातील शिक्षणप्रेमी व्यक्तीलाही स्थान मिळू शकते. कित्येक शाळांमध्ये ही जागा नावापुरती भरलेली असते, सह्या घरी नेऊन घेतल्या जातात. निवृत्त शिक्षक, बँकेतील अधिकारी, प्राध्यापिका अशी मंडळी प्रत्येक वस्तीत आहेत. शाळेपासून त्यांचे घर सहसा दहा मिनिटांच्या अंतरावर असते, आणि समितीची बैठक महिन्यातून एकदा होणे अपेक्षित असते.